पर्यावरणाची कागदपत्रं पंचायतीच्या फलकावर मराठीत लावा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गळीत हंगाम सुरू झाला की ओढ्यांना मळीच्या पाण्याचा वास सुटतो, बंधाऱ्यात मासे वर येतात आणि 'प्रदूषण मंडळ झोपलंय काय?' ही चर्चा चार दिवस रंगते. त्या चर्चेत कागद मात्र कुणाच्याच हाती नसतो. कारखान्याने दिवसाला किती सांडपाणी बाहेर काढायचं, ते नदीत की शेतात, आणि कोणत्या मर्यादेपर्यंत शुद्ध करून, हे सगळं मंडळाने दिलेल्या संमतीपत्रात नोंदलेलं असतं. साखर कारखान्याच्या पाण्याला नदीत सोडताना बीओडी (पाण्यातली घाण कुजताना लागणारा प्राणवायू) लिटरला 30 मिलिग्रॅम, जमिनीवर सोडताना 100, ही केंद्राची मर्यादा आहे. हा आकडा ठाऊक नसेल तर तपासणी अहवाल हाती पडूनही त्यातलं काही कळत नाही.

संमतीपत्र गुप्त नाही. 1974 च्या जलप्रदूषण कायद्याच्या कलम 25(6) नुसार संमतीच्या अटींची नोंदवही मंडळाने ठेवायची असते, आणि त्या सांडपाण्याशी ज्याचा संबंध येतो किंवा ज्याला त्याची झळ बसते, त्याला ती कामकाजाच्या वेळेत पाहता येते. धुराड्यांसाठी 1981 च्या हवा कायद्यात कलम 51 आहे. माहिती अधिकार येण्याच्या कितीतरी आधीची ही सोय, पण वापरणारे विरळाच. विभागीय कार्यालयात जाताना कलमाचा उल्लेख केलेला अर्ज दोन प्रतींत न्यावा, एकीवर पोच घ्यावी आणि ओढ्याकाठच्या जमिनीचा उतारा जोडावा. 'तुमचा काय संबंध?' हा प्रश्न मग तिथेच मिटतो.

प्रत हवी असेल तर माहिती अधिकार. इथे आपल्या बेळगाव भागातले बरेच अर्ज दोन कारणांनी अडकतात. एक म्हणजे प्रश्नच चुकतो. 'अमुक कारखाना प्रदूषण करतो का?' असं विचारलं तर 'अशी माहिती उपलब्ध नाही' हे उत्तर कायद्याला धरूनच येतं, कारण अधिकाऱ्याने असलेला कागद द्यायचा असतो, मत नव्हे. म्हणून कागदाचं नाव घेऊन मागावं: चालू संमतीपत्र अटींसह, गेल्या हंगामातील पाणी नमुन्यांचे तपासणी अहवाल, पाहणीच्या वेळी केलेला पंचनामा, आणि कारखान्याने दरवर्षी 30 सप्टेंबरपर्यंत मंडळाला द्यायचं पर्यावरण विवरणपत्र, म्हणजे फॉर्म पाच. कर्नाटकच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द, शुल्क 10 रुपये. चार कारखाने एकाच अर्जात कोंबले की अर्ज परत आलाच म्हणून समजा.

दुसरं कारण भाषा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 6(1) प्रमाणे अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत चालतो. म्हणजे बेळगावात मराठीतला अर्ज नाकारायला निमित्त मिळतं, पण हिंदीतला नाकारता येत नाही. कन्नड येत नसेल तर सरळ देवनागरीत हिंदी लिहावं. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करावं. 'व्यापारी गुपित' हे कारण हमखास पुढे केलं जातं. सार्वजनिक ओढ्यात सोडलेल्या पाण्यात गुपित कसलं, हे अपिलात ठणकावून लिहावं.

हिरण्यकेशी आंबोलीकडून आजरा, गडहिंग्लज करत संकेश्वरला येते; वेदगंगा-दूधगंगाही कोल्हापूर जिल्ह्यातूनच निपाणी-चिकोडीकडे उतरतात. वरच्या अंगाच्या नोंदी महाराष्ट्र मंडळाकडे, खालच्या कर्नाटकाकडे, आणि दोघांचे अहवाल कुणी शेजारी ठेवून पाहत नाही. माहिती मागण्याचा हक्क भारताच्या नागरिकाला आहे, त्या राज्याच्या रहिवाशाला नव्हे. संकेश्वरच्या शेतकऱ्याने कोल्हापूरच्या कार्यालयाला अर्ज करावा, आणि तो खुशाल मराठीत करावा. दोन्हीकडे नमुना घेतल्याची तारीख जरूर मागावी. बीओडीची चाचणी 27 अंशांवर तीन दिवस चालते, त्यामुळे अहवालाच्या तारखेवरून नमुना कधी घेतला ते कळत नाही. मासे मेल्यानंतर आठवड्याने घेतलेल्या नमुन्यात बहुधा स्वच्छ पाणीच सापडतं, आणि अहवाल 'मर्यादेत' येतो.

प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी देण्याआधी गावकऱ्यांचं म्हणणं ऐकायला होणाऱ्या जनसुनावणीचा मुद्दा जास्त गंभीर आहे. केंद्राच्या 14 सप्टेंबर 2006 च्या पर्यावरण मंजुरीविषयक अधिसूचनेनुसार किमान 30 दिवस आधी जाहीर सूचना द्यायची, आणि पर्यावरणावरील परिणामांच्या अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी, जिल्हा पंचायत, जिल्हा उद्योग केंद्र, केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचं विभागीय कार्यालय इथे पाहायला ठेवायचा असतो. गठ्ठा इंग्रजीत, फक्त सारांश इंग्रजीसोबत 'राज्याची राजभाषा/स्थानिक भाषा' यात. त्या तिरप्या रेघेच्या डावीकडचंच वाचायची सरकारी सवय आहे. खानापूर तालुक्यातल्या खेड्यात स्थानिक भाषा कोणती, हे सांगायला समिती नेमायला नको. तालुक्यात 15 टक्क्यांहून अधिक लोक बोलतात त्या भाषेत महत्त्वाच्या सूचना द्याव्यात, हे भाषिक अल्पसंख्याकांसाठीचं जुनं मान्य तत्त्व आहे. माहिती अधिकाराचं कलम 4(4) देखील स्वतःहून द्यायच्या माहितीबाबत स्थानिक भाषेचाच विचार करायला सांगतं. यात कन्नडविरोध काही नाही. तीनशे पानी इंग्रजी अहवालापुढे कन्नड शेतकरीही तितकाच हतबल असतो.

मंजुरी मिळाल्यावरही तिची प्रत ग्रामपंचायतीकडे यायची असते आणि ती 30 दिवस लावून ठेवायची असते. फलकावर ती दिसत नसेल तर पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) लेखी विचारावं: प्रत कधी आली, कधी लावली? आलीच नसेल तर तसं लिहून घ्यावं. पुढे दाद मागताना तो कागद उपयोगी पडतो.

केंद्राच्या पर्यावरण मंजुऱ्यांच्या 'परिवेश' संकेतस्थळावर यातलं बरंच काही आहे, पण गाव जनगणनेतल्या इंग्रजी स्पेलिंगने शोधावं लागतं, आणि जिल्हा कुठे 'बेळगाव' तर कुठे 'बेळगावी'. दोन्ही टाकून पाहावेत.

जिल्हा प्रशासनाकडे मागणी मोठ्या खर्चाची नाही. प्रत्येक संमतीपत्रातल्या अटींचा दोन पानी गोषवारा मराठी व कन्नडमध्ये त्या-त्या पंचायतीत लावावा. मंडळाने नोंदवही पाहण्यासाठी आठवड्यातला एक वार जाहीर करावा. आणि सुनावणीच्या शेवटी इतिवृत्त उपस्थितांना स्थानिक भाषेत समजावून वाचायचं, मगच जिल्हाधिकाऱ्यांनी किंवा त्यांच्या प्रतिनिधीने त्याच दिवशी सही करायची, हा नियम आजही लागू आहे. मराठी गावात ते मराठीतच वाचलं जावं, आणि तसं वाचल्याची नोंद सहीच्या वर असावी.

– एक वाचक, खानापूर