आजीला दिलेला शब्द

१८ सप्टेंबर २०२३

चि. बाळूस अनेक आशीर्वाद.

परवाचं तुझं फोनवरचं बोलणं डोक्यातून जात नाही. लेबनॉनमध्ये तुमच्या पलटणीनं गावकऱ्यांच्या शेळ्यांसाठी चालवलेल्या दवाखान्याचं ऐकून बरं वाटलं. जनावराला औषध दिलं की घरचं दार उघडतं, लेबनॉन काय नि सातारा काय. तिथल्या एका आजीनं तुला कॉफी पाजली हे तुझ्या आईनं अख्ख्या आळीला सांगून झालं. पण पुढं तू म्हणालास, "मी आजींना सांगितलं, आम्ही आहोत तोवर तुम्हाला काही होणार नाही." फोन ठेवला आणि मी ओट्यावरच बसून राहिलो.

हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं. दुसरं सांगतो. श्रावण कोरडा गेला, सोयाबीननं माना टाकल्यात. उद्या गणपती बसतील.

आईचा आज हरतालिकेचा उपवास, सकाळपासून पाणीसुद्धा नाही. तिच्या सुकलेल्या ओठांकडं बघून श्रीलंकेतलं जाफना आठवलं, आम्ही शांतिसेना म्हणून गेलो होतो ते. १९८७ सालचा हाच महिना. नल्लूरच्या मुरुगनच्या देवळापुढं थिलीपन नावाचं एलटीटीईचं, म्हणजे तमिळ वाघांचं, तरणं पोर उपोषणाला बसलं होतं. मागण्या आपल्या सरकारकडं होत्या. पाण्याचा थेंब न घेता २६ तारखेला, बाराव्या दिवशी गेलं.

जुलैअखेर आम्ही जाफन्याजवळच्या पलाली विमानतळावर उतरलो तेव्हा लोकांनी हार घातले होते. वाडीतली एक म्हातारी, तिला सगळे आच्ची, म्हणजे आजी, म्हणायचे, आम्हाला ताडगोळे सोलून द्यायची. तिच्या विहिरीचं पाणी आम्ही हक्कानं शेंदायचो. मीही तिला हातवारे करून सांगितलं होतं, अम्मा, आम्ही आहोत ना. थिलीपन गेला आणि दुसऱ्या दिवशी विहिरीवर पोहरा नव्हता. शिवी नाही, भांडण नाही. पोहरा तेवढा तिनं आत नेऊन ठेवला होता.

ऑक्टोबरच्या १० तारखेनंतर वाघांशी लढाईच जुंपली. घेरा घालून घरोघर तलाशी घ्यायचा हुकूम आला. तिच्या नातवाला शोधत मी बुटांसकट देवघरापर्यंत गेलो. भाताची कणगी मीच उपडी केली. आत काही नव्हतं. ती काही बोलली नाही, खाली बसून भात गोळा करायला लागली. मार्च १९९० ला आपली फौज परत आली, तोवर साडेअकराशेच्या वर जवान गेले होते. माझ्या सेक्शनचे दोन. त्यांची नावं तुला पाठ आहेत. आच्चीचं मी आजवर तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही.

तू म्हणशील, आबा, आमची संयुक्त राष्ट्रांची निळी टोपी, आमचं काम वेगळं. मान्य. १९९८ पासून आपल्या पलटणी तिथं आळीपाळीनं जातायत, नाव राखून आहेत. तरी ऐक. बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडू नकोस. पोरांना खाऊ देताना फोटो काढू नकोस. एकाच घरची कॉफी रोज पिऊ नकोस, शेजारच्याला वाटतं हा त्यांचा झाला. आणि जे आपल्या हातात नाही त्याचा शब्द देऊ नकोस. हुकूम वरून येतो रे, आणि दारात उभे आपण असतो.

बघ, सुभेदारकी अंगात आली. माफ कर. तू माझ्यापेक्षा शिकलेला आहेस, त्यांच्या भाषेतले चार शब्दही शिकलास. आम्हाला तमिळमधलं तण्णी म्हणजे पाणी आणि वणक्कम म्हणजे नमस्कार, याच्या पुढं काही येत नव्हतं. निळ्या टोपीतला तुझा फोटो मी खिशात घेऊन फिरतो, वाण्यानं तो तीनदा बघितलाय.

दिलेला शब्द आता परत घेता येणार नाही, आणि घे असंही मी म्हणत नाही. आजींना काय सांगावं ते मलाच सुचत नाही.

पत्राचा फोटो काढून आक्की पाठवेल. गणपतीत फोन कर, आई वाट बघते. आणि एवढं सांग, त्या आजींचं घर इस्रायलच्या सीमेच्या अंगाला आहे की अलीकडं?

तुझा,
आबा