अपलोडचा वेगही बिलावर छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंटरनेटच्या जाहिरातींत '१०० एमबीपीएस' हा आकडा ठळक अक्षरांत असतो. तो बहुतेक वेळा डाउनलोडचा, म्हणजे आपल्या घरी येणाऱ्या माहितीचा वेग असतो. घरातून बाहेर जाणाऱ्या माहितीचा, म्हणजे अपलोडचा वेग किती, हे अनेकदा कुठेच लिहिलेलं नसतं. काही मोठ्या कंपन्या फायबरवर दोन्ही बाजूंना सारखा वेग देतात आणि तसं सांगतातही. पण आमच्यासारख्या तालुक्याच्या गावी गल्लीतल्या केबलवाल्याकडून घेतलेली लाइन किंवा गच्चीवर डबा बसवून हवेतून घेतलेलं कनेक्शन असलं, की हा दुसरा आकडा ग्राहकाला स्वतःच शोधून काढावा लागतो.

मी घरी बसून लग्नाचे अल्बम डिझाइन करतो. तुळशीची लग्नं लागली की आमचा सीझन सुरू. बारा बाय छत्तीस इंचाचं एक शीट ३०० डीपीआयला, म्हणजे छपाईच्या दर्जाला, साधारण २० एमबीचं होतं. चाळीस शीटचा अल्बम म्हणजे ८०० एमबी, आणि तो छपाईच्या लॅबला पाठवायचा तो अपलोड करूनच. माझं कनेक्शन नावाला १०० चं, अपलोड मात्र ५ एमबीपीएस. एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट. त्यातला 'बी' बिटचा, फाइलच्या एमबीमधला बाइटचा, आणि एका बाइटमध्ये आठ बिट, त्यामुळे आठने गुणावं लागतं. हाच अल्बम डाउनलोड करायचा तर मिनिटभरात होईल. अपलोडला एकवीस मिनिटं जातात, तीही मध्ये काही बिघडलं नाही तर. लग्नाचं ६० जीबीचं शूटिंग एडिटरला पाठवायचं म्हटलं तर सव्वीस तासांहून जास्त. त्यापेक्षा पेनड्राइव्ह पाकिटात घालून एसटीने धाडलेला लवकर पोचतो, आणि आमच्यातले कित्येक जण आजही तेच करतात.

या विषमतेला एकेकाळी कारण होतं. २००५ च्या सुमारास आपल्याकडे टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून ब्रॉडबँड आलं, ते एडीएसएल तंत्राचं. त्यात तारेतल्या लहरींचा मोठा पट्टा येणाऱ्या माहितीला आणि खालचा अरुंद पट्टा जाणाऱ्या माहितीला दिलेला असे. सुरुवातीच्या मानकात येताना ८ एमबीपीएसपर्यंत आणि जाताना १ च्या आसपास. तेव्हा लोक घरून मेल पाठवत आणि पानं वाचत, त्यामुळे कुणाचं अडत नव्हतं. आता गल्लीत फायबर आली आहे. तिच्यावर सर्रास वापरल्या जाणाऱ्या जीपॉन तंत्रात येतानाची क्षमता सुमारे २.५ जीबीपीएस (म्हणजे २,५०० एमबीपीएस) आणि जातानाची सुमारे १.२५, म्हणजे निम्मी. मग १०० च्या प्लॅनला अपलोड ५ च का? हे फायबरचं दुखणं नाही, प्लॅन आखणाऱ्याचा हिशेब आहे. हवेतून येणाऱ्या कनेक्शनची गोष्ट थोडी वेगळी. तिथे एकाच लहरीवर आळीपाळीने ये-जा चालते आणि टॉवर जास्त वेळ येणाऱ्या माहितीला देतो. तेही ठीक, पण घेणाऱ्याला आधी सांगा.

अपलोड भरून गेलं की डाउनलोडही लंगडं होतं, हे फार जणांना माहीत नसतं. माहितीचा प्रत्येक हप्ता आला की आपला संगणक 'पोचला' अशी पावती परत पाठवतो. जाण्याची वाट तुंबली की पावत्या अडकतात आणि पुढचा माल येणं मंदावतं. माझा मुलगा आतून ओरडतो, "पप्पा, तुमचं अपलोड थांबवा, माझा क्लास अडकतोय!" कस्टमर केअरला फोन केला तर, "सर, स्पीड टेस्ट करा. शंभर येतोय ना?" येतो की! रडगाणं शंभराचं नाहीच मुळी.

याचं मूळ सरकारी व्याख्येत आहे. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात किमान वेग २५६ केबीपीएस, म्हणजे सुमारे पाव एमबीपीएस होता, जानेवारी २०२३ मध्ये तो २ एमबीपीएस केला. दोन्ही वेळा डाउनलोडचाच. अपलोडला किमान मर्यादाच नसेल, तर कंपनीने अर्धा एमबीपीएस दिला तरी ते ब्रॉडबँडच! या काळात घरून पाठवण्याचं काम मात्र किती वाढलं. डॉक्टरला रिपोर्ट, शाळेला प्रोजेक्टचे व्हिडिओ, शिष्यवृत्तीच्या अर्जाला दाखले. शेजारची मुलं माझ्याकडे येतात, "काका, फोटो ५० केबीत बसवून द्या." फाइल एवढी बारीक करूनही शेवटच्या तारखेला पोर्टलवरचं चक्र फिरत राहतं आणि लाइट गेली की सगळं पहिल्यापासून. तुटलेलं अपलोड तिथूनच पुढे सुरू करण्याची सोय फाइल पाठवण्याच्या १९८५ च्या एफटीपी मानकातही होती. अर्जांच्या पोर्टलना ती अजून का जमू नये?

ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेचं मायस्पीड अ‍ॅप डाउनलोड आणि अपलोड दोन्ही मोजतं. मोजता येतं, तर लिहिताही येईल. जाहिरातीत, करारात आणि दर महिन्याच्या बिलावर दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापणं ट्रायने सक्तीचं करावं, आणि सरकारने ब्रॉडबँडच्या व्याख्येत अपलोडचीही किमान मर्यादा घालावी. तक्रारीच्या यादीतही 'अपलोड' हा वेगळा पर्याय हवा. माझ्या कंपनीच्या यादीत सध्या 'नेट बंद' आणि 'नेट स्लो' एवढेच आहेत. 'नेट स्लो' निवडलं की माणूस येतो, मोबाइलवर डाउनलोड तपासतो आणि तो जिना उतरायच्या आत तक्रार मिटल्याचा मेसेज येतो.

आपला,
एक वाचक व अल्बम डिझायनर,
विटा, जि. सांगली