आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र: माझी मुलगी उपास करत नव्हती, आजारी होती

मा. आरोग्यमंत्री साहेब,
स.न.वि.वि.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात राहते. हे पत्र रस्त्याबद्दल किंवा अँब्युलन्सबद्दल नाहीये, माझ्या मुलीच्या ताटाबद्दल आहे. दहावीत असताना तिने आधी सोमवार धरला, मग चतुर्थी, मग एकादशी, मग गुरुवार पण, आणि आम्ही काय केलं तर कौतुक. सासूबाई गल्लीभर सांगत सुटल्या की आजकालच्या पोरी कुठे एवढं देवाचं करतात. पोर जेवत नाही म्हटलं असतं तर घर घाबरलं असतं, उपास म्हटल्यावर कुणी विचारलंच नाही.

मग पाळी बंद झाली, केस मूठमूठ जायला लागले, मे महिन्यात स्वेटर घालून बसायची. तीन डॉक्टर झाले. एकांनी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या, एकांनी थायरॉईड तपासला, तिसरे तर हसून म्हणाले छान मेंटेन केलंय की! शेवटी पुण्यातल्या एका मॅडमनी नाडी बघितली, 42, आणि म्हणाल्या हा अनोरेक्सिया आहे, म्हणजे वजन वाढायच्या भीतीने खाणंच तोडायला लावणारा मनाचा आजार, आजच ॲडमिट करा. मला वाटलं आता पोटभर खाऊ घालायचं, तर तसंही नाही, फार दिवस उपाशी असलेल्याला एकदम जेवण दिलं की रक्तातलं फॉस्फेट घसरतं आणि हृदयावर येतं, म्हणून थोडं थोडं वाढवत न्यायचं आणि सारखं रक्त तपासायचं. सलाईन लावून घरी पाठवणाऱ्या किती दवाखान्यांना हे ठाऊक असेल?

पुढचं सगळं घरी. फॅमिली बेस्ड ट्रीटमेंट म्हणतात, लंडनच्या मॉड्सली हॉस्पिटलमधून आलेली पद्धत, आधी जेवणाचा सगळा ताबा आईबापांकडे आणि मग हळूहळू तो मुलीकडे परत. ऐकायला सोपं आहे हो. एका पोळीला दीड तास. वरण गार होऊन वर साय धरायची, मी समोर बसलेली, ओरडायचं नाही, भीक मागायची नाही, उठायचं तर नाहीच. ती नको नको ते बोलायची, मॅडमनी सांगून ठेवलं होतं की हे आजार बोलतोय, मुलगी नाही. आणि सासूबाईंनी पन्नास वर्षांची चतुर्थी सोडली साहेब, नातीसमोर मांडी घालून दोन पोळ्या खाल्ल्या.

आता पैशाचं. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा म्हणतो शरीराच्या आजाराला जसा विमा तसाच मनाच्या आजाराला. ॲडमिशनचे पैसे मिळाले, खोटं बोलणार नाही. पण थेरपी ओपीडीत धरतात म्हणून तिचा एक रुपया नाही, आणि या आजारात ॲडमिशन तीन आठवडे न् थेरपी वर्षभर! आठवड्याला 1500 रुपये, माझी एक पाटली त्यातच गेली.

टेलिमानस म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची फोन हेल्पलाईन, तिचा 14416 नंबर चांगला आहे, मी रात्री दोनला फोन केलाय, नीट बोलतात, पण फोनवरून नाडी बघता येत नाही ना. म्हणून एवढंच करा, जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस मानसोपचारतज्ज्ञ, सायकॉलॉजिस्ट आणि आहारतज्ज्ञ एकाच खोलीत बसवा, नाहीतर आम्ही तिघांकडे तीन फाईली घेऊन फिरतो आणि तिघं तीन गोष्टी सांगतात. आणि शाळेत वजन-उंची घ्यायला जी पथकं येतात त्यांना सांगा की मुलीचं वजन तिच्याच मागच्या वर्षीच्या वजनाशी ताडून बघा, नुसतं तक्त्यात बसतंय का ते नको.

कळावे,
एक आई

ता.क. ती आता बारावीला आहे, जेवते. कधी आमच्या भागात आलात आणि भेट झाली तर तिला "तब्येत सुधारली की" असं म्हणू नका. तिला ते अजून "जाड झालीस" असंच ऐकू येतं, आणि मग रात्रीचं ताट परत दीड तासावर जातं.