झोप वाया जात नाही

महाल, नागपूर

चि. अथर्व,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालास, "आई, झोपेत सहा तास फुकट जातात." ते मनाला लागलं, म्हणून लिहायला बसले. बारावीला मज्जासंस्था शिकवणाऱ्या बाईच्या पोरानं असं म्हणावं?

थकला की मेंदू आपोआप बंद पडतो, असं नाही रे. १९१७ च्या सुमारास व्हिएन्नात एका विचित्र मेंदूज्वराचे रोगी येऊ लागले. बरेचसे नुसते झोपून राहत, तर काहींचा डोळ्याला डोळा लागत नसे. कॉन्स्टँटिन फॉन इकॉनॉमो या डॉक्टरांनी दगावलेल्यांचे मेंदू तपासले. झोपून राहणाऱ्यांच्या हायपोथॅलॅमसचा, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या छोट्याशा भागाचा, मागचा भाग बिघडलेला होता, जागे राहणाऱ्यांचा पुढचा. म्हणजे झोप आणणाऱ्या पेशी वेगळ्या, जागं ठेवणाऱ्या वेगळ्या! मला हे दरवर्षी शिकवतानाही नवल वाटतं.

पुढच्या भागातल्या झोप आणणाऱ्या पेशी गाबा नावाचं रसायन सोडून जागवणाऱ्या पेशींना गप्प करतात, आणि जागेपणी त्या पेशी उलट यांना दाबून ठेवतात. जागवणाऱ्यांपैकी काही हिस्टॅमिन नावाचं रसायन सोडतात. सर्दीची गोळी घेऊन तू वरणभाताच्या ताटावरच पेंगायला लागला होतास, आठवतं? त्या गोळीनं मेंदूतल्या हिस्टॅमिनचीच वाट अडवली होती. शिवाय ऑरेक्सिन नावाचं रसायन सोडणाऱ्या पेशी आहेत, १९९८ मध्ये सापडलेल्या. त्या जाग टिकवून धरतात. त्या नष्ट झाल्या की नार्कोलेप्सी होते, माणूस बोलता बोलता झोपी जातो.

आता तुझ्या कॉफीचं. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साचत जातं. त्यात ॲस्ट्रोसाइट या आधार देणाऱ्या पेशींचाही हात असतो. ते जितकं साचेल तितकी झोप अनावर. कॉफी ते कमी करत नाही, फक्त त्याची बसायची जागा अडवते. ते साचतच राहतं, आणि उतरतं फक्त झोपेत. प्यायलेल्या कॅफिनपैकी निम्मं पाच-सहा तासांनीही अंगात असतं, तेव्हा रात्री दहाचा कप पहाटेपर्यंत पुरतो.

दिवसभर वाचलेलं पक्कं बसतं तेही झोपेतच. म्हणून सांगते, पेपरच्या आदल्या रात्री अकराला पुस्तक मिट. संध्याकाळनंतर कॉफी नको. राहिलेला धडा राहू दे. आणि पेपर कसा गेला ते कळव, बाबाही वाट बघताहेत.

तुझी,
आई