आधी मेमरी घ्या, मग वायर काढा: कर्नाटकच्या गृहमंत्र्यांना बेळगावहून खुले पत्र

माननीय गृहमंत्री,
कर्नाटक राज्य, यांस

सादर नमस्कार.

आमच्या सोसायटीच्या सर्व्हरमध्ये शिरून सभासदांच्या ठेवी पळवणाऱ्यांविरुद्ध पुरेसा इलेक्ट्रॉनिक पुरावा उपलब्ध झाला नाही, सबब तपास थांबवण्यात येत आहे, असा सी रिपोर्ट न्यायालयात सादर केल्याची नोटीस मला गेल्या आठवड्यात मिळाली. महोदय, पुरावा उपलब्ध होता. तो एका चालू यंत्रात होता, ते यंत्र आम्ही रात्रंदिवस पहारा देऊन चालू ठेवले होते, आणि आपल्या खात्याच्या माणसांनी पंचांच्या समक्ष त्याची वायर भिंतीतून उपटून तो पुरावा कायमचा नष्ट केला. त्या ठाण्याचे नाव मी येथे घेत नाही, कारण नाव घेतले की एखाद्या हवालदाराची बदली होईल आणि विषय मिटला असे समजले जाईल.

राज्यघटनेच्या 350 व्या अनुच्छेदाने गाऱ्हाणे मांडताना राज्यात वापरात असलेली भाषा वापरण्याचा हक्क दिला आहे, म्हणून हे पत्र मराठीत लिहीत आहे. कन्नड प्रत सोबत जोडली आहे, म्हणजे भाषेच्या सबबीखाली ते बाजूला ठेवण्याची सोय राहणार नाही.

मी बेळगाव तालुक्यातील एका सौहार्द सहकारी संस्थेत हिशेब आणि संगणक सांभाळतो. वडगाव-शहापूरचे विणकर, उद्यमबागेतील फाउंड्री कामगार आणि रोज पिग्मी भरणाऱ्या भाजीवाल्या बायका हे आमचे सभासद. डिसेंबरातील एका रात्री कोणीतरी माझ्याच लॉगिनने सर्व्हरमध्ये शिरले, रक्कम बाहेर वळवली आणि जाताना खातेवहीच्या फायली कुलूपबंद करून गेले. सकाळी हे लक्षात येताच आम्ही नेटवर्कची केबल काढली, परंतु वीज चालू ठेवली. 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली. आणि सर्ट-इन या केंद्राच्या संगणक-सुरक्षा यंत्रणेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे सहा तासांच्या आत दिल्लीला कळवले. ठाण्याला माझी विनंती एवढीच होती, की मेमरीची प्रत घेऊ शकणारा माणूस आजच पाठवा, नाहीतर पंचांसमोर ती आम्हाला घेऊ द्या. एका वरिष्ठ अधिकाऱ्यांनी फोनवर शब्द दिला, की संध्याकाळपर्यंत टीम येईल, तोवर कशालाही हात लावू नका. आम्ही हात लावला नाही. टीम आली ती पुढच्या आठवड्यात, आणि तिच्यासोबत होते खाकी कागद, सुतळी आणि लाख.

चालू संगणकाची मेमरी, म्हणजे रॅम, विजेवर जगते. त्या क्षणी कोणते प्रोग्राम चालू आहेत, कोण लॉगिन झाले आहे, कोणत्या बाहेरच्या पत्त्याशी जोडणी झाली होती आणि फायली कुलूपबंद करणारी किल्ली कोणती, हे सारे तिथे सापडू शकते. हल्ली तर अनेकदा हल्लेखोराचा प्रोग्राम डिस्कवर न उतरता केवळ मेमरीतच चालतो. मे 2017 मध्ये वॉनाक्राय या फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामने जगभरचे संगणक वेठीस धरले तेव्हा एका फ्रेंच संशोधकाने दाखवून दिले होते, की विंडोज एक्सपी चालवणारे यंत्र बंद किंवा रीस्टार्ट केलेले नसेल, तर मेमरीत उरलेल्या अविभाज्य संख्यांवरून किल्ली पुन्हा तयार करता येऊ शकते. ज्यांनी घाबरून बटण दाबले, त्यांची ती संधी गेली. आमच्याकडे किल्ली मिळालीच असती असा माझा दावा नाही, आणि मधल्या दिवसांत मेमरीतील बरेच काही पुसटही झाले असेल. पण जे उरले होते ते पाहण्याआधीच पुसून टाकण्याचा अधिकार कोणाला होता?

यातले काहीच नवे नाही. इंटरनेटचे तांत्रिक दस्तऐवज प्रसिद्ध करणाऱ्या मंडळींनी फेब्रुवारी 2002 मध्येच आरएफसी 3227 या क्रमांकाने पुरावा गोळा करण्याचा क्रम लिहून ठेवला आहे. जे सर्वांत आधी नाहीसे होते ते सर्वांत आधी घ्यावे: प्रथम प्रोसेसर आणि मेमरीतील स्थिती, चालू प्रोग्राम आणि नेटवर्कच्या जोडण्या, मग तात्पुरत्या फायली, मग डिस्क, त्यानंतर दूरच्या यंत्रांतील नोंदी, आणि शेवटी जोडणीचा आराखडा व साठवणीच्या प्रती. हे पूर्ण होईपर्यंत यंत्र बंद करू नये, असेही त्यात स्पष्ट लिहिले आहे. आमच्यासारख्या छोट्या संस्थांसाठी मी त्यात एक बदल सुचवेन. डिस्क सील करून ठेवली तर महिन्यानेही तशीच राहते, पण स्वस्त राउटरच्या नोंदी वीज गेली की जातात, सीसीटीव्हीचा डीव्हीआर जुन्या चित्रणावर नवे चित्रण चढवत राहतो, आणि विंडोजची सुरक्षा-नोंद मुळात 20 एमबीची असते व भरली की जुने पुसून नवे लिहिते. हल्लेखोराने रात्रभर पासवर्ड ठोकून पाहिले तर ती नोंद त्याच्याच खटपटीने भरून जाते, तशी ती आमच्याकडे भरली. म्हणून या तीन गोष्टी डिस्कच्या आधी घेतल्या पाहिजेत. भर पावसात मळ्यात उमटलेली चोराची पावले पुढच्या आठवड्यात मोजायला येणाऱ्या माणसाला आपण पोलीस म्हणाल काय?

चालू यंत्राला हात लावल्याने पुरावा बदलतो, असा आक्षेप मला ठाण्यात ऐकवण्यात आला. थोडा बदलतो, हे खरे आहे. त्यावर उपाय म्हणजे कोणते साधन, किती वाजता, कोणी चालवले याची नोंद ठेवणे, प्रतीचा हॅश, म्हणजे प्रत जराही बदलली तर बदलणारा तिचा अंकी ठसा, तिथेच काढून पंचनाम्यात लिहिणे आणि सर्व प्रक्रियेचे चित्रीकरण करणे. झडती-जप्तीचे चित्रीकरण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 ने बंधनकारकच केले आहे, आणि 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालील प्रमाणपत्रात हॅशसाठी जागाही आहे. मेमरीची प्रत घेण्याचे साधन फुकट मिळते आणि 16 जीबी मेमरी एका बाहेरच्या डिस्कवर उतरवायला चहा पिण्याइतका वेळ लागतो. वायर उपटल्याने मात्र पुरावा बदलत नाही, असे आपल्या खात्याचे शास्त्र सांगते काय?

उशीर का झाला, तेही सांगतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 78 नुसार तपास निरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो, आणि निरीक्षकसाहेब त्या दिवसांत हलग्याच्या सुवर्णसौधात विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या बंदोबस्तावर होते. म्हणजे आपण स्वतः बेळगावात होतात म्हणून बेळगावातला तपास थांबला, हा योग आम्ही आमच्या भाग्याचा समजतो. त्यातच दोन ठाण्यांमध्ये गुन्ह्याची हद्द कोणाची यावर पत्रापत्री चालली. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीतला असो, नोंदवून घ्यावाच लागतो. पण हद्दीच्या वादाचे आम्हाला अप्रूप ते काय? 1956 पासून दोन राज्ये आमची हद्द ठरवत आहेत, 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात दावा पडून आहे, दोन्हीकडचे मंत्री दर हिवाळ्यात आमच्या मातीवर हक्क सांगतात, आणि त्या मातीवरच्या माणसाची चोरी झाली की ती कोणाच्याच हद्दीत येत नाही.

आता माझे. लॉगिन माझे होते, म्हणून पहिला संशयित मीच ठरलो. रात्री दोन वाजता त्या सर्व्हरवर बसलेला माणूस बाहेरून आला होता, हे दाखवू शकणारी जोडणीची खूण मेमरीत मिळाली असती. ती गेली, आणि सी रिपोर्टमुळे मी निर्दोषही ठरलो नाही. संचालक मंडळाने मला सक्तीच्या रजेवर पाठवले आहे. गल्लीतल्या गणेश मंडळाचे खजिनदारपद बरीच वर्षे माझ्याकडे होते. यंदा दोन पोरे घरी येऊन वही मागून घेऊन गेली, आणि बोलली काहीच नाहीत. पिग्मी भरणारी बाई बाजारात मला पाहून पदराच्या गाठीला हात लावते. माझ्या पत्नीने बाहेर जाणे सोडले आहे. या नुकसानीचा हॅश कोण काढणार, महोदय?

देशातला पहिला सायबर पोलीस ठाण्याचा मान बंगळूरला 2001 मध्ये मिळाला, हे आपल्या भाषणांत ऐकून आमचे कान किटले आहेत. वर्तमानपत्रात वाचले ते खरे असेल तर 2024 या एका वर्षात भारतीयांनी सायबर फसवणुकीत बावीस हजार कोटींहून अधिक रुपये गमावले. 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून 94 कोटी गेले, जुलै 2024 अखेरीस सी-एज या एका पुरवठादार कंपनीवर हल्ला झाला आणि सुमारे तीनशे छोट्या बँकांचे व्यवहार अडकले. छोट्या सहकारी संस्था हे सोपे सावज आहे, हे चोरांना कळले, सरकारला कळायचे आहे. पैशासाठी गोल्डन अवर, म्हणजे चोरीनंतर पैसा अडवता येण्याचा पहिला तास, असतो, एवढे मात्र सरकारने मान्य केले आणि 1930 सुरू केला. पुराव्यालाही तसाच तास असतो, हे कोणत्या समितीच्या अहवालाची वाट पाहात आहे? संस्थेला कळवायला सहा तास दिले. ठाण्याला पोहोचायला किती तास, हे कुठेच लिहिलेले नाही.

माझी मागणी एका पानाच्या आदेशाची आहे. तक्रार येताच, हद्द आणि कलम ठरण्याआधी, चालू यंत्र चालूच ठेवून मेमरी, राउटर आणि डीव्हीआर यांच्या प्रती घेतल्या जाव्यात. प्रत्येक तालुक्यात हे काम शिकवलेला एक शिपाई असावा; तपास निरीक्षकांनी करावा, पण प्रत घेण्यासाठी त्यांची वाट पाहायला लागू नये. इंटरनेट कंपनीला त्याच दिवशी नोंदी राखून ठेवण्याचे पत्र जावे आणि त्यात आयपी पत्त्यासोबत पोर्ट क्रमांक व सेकंदापर्यंतची वेळ मागावी, कारण आज एकाच पत्त्यावर अनेक ग्राहक असतात आणि आमच्या प्रकरणात नुसता पत्ता मागितल्याने आलेले उत्तर निरुपयोगी ठरले. आणि महजर, म्हणजे पंचनामा, मराठी माणसाच्या सहीसाठी पुढे करताना तो त्याला वाचता येईल अशा भाषेतही द्यावा. माझी सही ज्या कागदावर आहे, त्यात यंत्र चालू स्थितीत होते हा उल्लेखच नाही, हे मला नंतर दुसऱ्याकडून वाचून घेतल्यावर समजले.

सी रिपोर्टला मी न्यायालयात हरकत घेत आहे. यंत्राची वायर किती वाजता काढली, कोणाच्या आदेशाने काढली आणि त्याआधी मेमरीची प्रत का घेतली नाही, हे तीन प्रश्न तिथे विचारले जातील. त्यांची उत्तरे आपल्या खात्याने सुनावणीपूर्वी मला लेखी द्यावीत.

आपला,
सोसायटीचा एक कर्मचारी आणि सभासद,
तालुका बेळगाव