लेझर हॅचिंगचे पैसे घेताय ना, मग आधी ते मराठीत समजावून सांगा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

पारोळ्यात आमचं मेडिकल आहे आणि काउंटरवर जास्त करून मीच असते. आपल्या खान्देशात सध्या तालुक्या तालुक्याला मोफत वंध्यत्व निवारण शिबिरं चाललीयेत, पेपरात घालून येणारी पॅम्प्लेटं तर बघायलाच नको, आणि त्या शिबिरांतून नाशिक, सुरत, पुणे असं कुठे कुठे टेस्ट ट्यूब बेबीच्या (आयव्हीएफ) ट्रीटमेंटला गेलेली जोडपी इंजेक्शनं घ्यायला आमच्याकडे येतात. त्यातली बरीचशी इंजेक्शनं २ ते ८ डिग्रीत ठेवावी लागतात, म्हणून बायका घरून थर्मासमध्ये बर्फ घेऊन येतात, आणि इंजेक्शन थेट बर्फाला टेकून गोठलं तर वाया जातं म्हणून ते आधी रुमालात गुंडाळून मग आत ठेवतात. एवढी काळजी घेणाऱ्या बाईला मी तिच्या बिलावर बोट ठेवून विचारलं की ताई, हे लेझर हॅचिंग म्हणजे काय केलं हो तुम्हाला, तर म्हणे माहीत नाही, चान्स वाढतो म्हणाले म्हणून करून घेतलं. सही कुठे केली विचारलं तर इंग्रजी फॉर्मवर. असं एकीचं नाही, बहुतेक सगळ्यांचं हेच.

म्हणून हे पत्र. बायकांना आधी कोणी सांगितलंच नाही म्हणून मला जेवढं माहितीये ते इथे लिहिते.

स्त्रीबीजाच्या भोवती एक पातळ पारदर्शक कवच असतं, झोना म्हणतात त्याला. लॅबमध्ये गर्भ तयार झाला की पहिले काही दिवस तो त्या कवचातच वाढतो. पाचव्या दिवसापर्यंत त्याच्यात पाणी भरून तो फुगतो, त्याला ब्लास्टोसिस्ट म्हणतात, मग कवच ताणून पातळ होतं, फाटतं आणि अंड्यातून पिल्लू यावं तसा गर्भ बाहेर येतो. बाहेर आल्याशिवाय तो गर्भाशयाच्या अस्तराला चिकटूच शकत नाही. आता काही वेळा कवच जाड किंवा कडक असेल, बाईचं वय जास्त असेल, गर्भ फ्रीज करून ठेवलेला असेल, तर तो बाहेर पडायला अडकत असेल असं डॉक्टरांना वाटलं आणि १९९० मध्ये जॅक कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कवचाला मुद्दाम छेद देऊन, म्हणजेच हॅचिंग करून, गर्भ जास्त रुजतात असं दाखवलं. तेव्हा बारीक सुई किंवा ॲसिड वापरायचे, आता लेझर आलं, काही सेकंदांत काम होतं. कल्पना चांगलीच आहे, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

तक्रार पुढची आहे. कल्पना चांगली असणं वेगळं आणि त्याने घरात पाळणा हलणं वेगळं. २०२१ मध्ये कोक्रेनने, म्हणजे जगभरातल्या वैद्यकीय चाचण्या पडताळून बघणाऱ्या संस्थेने, तीसच्या वर चाचण्या एकत्र करून तपासल्या, सात हजारांवर बायकांची माहिती होती त्यात, आणि निष्कर्ष काय निघाला तर हॅचिंगमुळे जिवंत बाळ जन्माला येण्याचं प्रमाण वाढतं की नाही हे खात्रीने सांगता येत नाही, उलट जुळी तिळी राहण्याचं प्रमाण वाढू शकतं. ब्रिटनच्या नाइस या सरकारी संस्थेने तर २०१३ च्या गाइडलाइनमध्ये सरळ लिहिलंय की हॅचिंग करू नये, त्याने गर्भधारणेचं प्रमाण वाढल्याचं दिसलेलं नाही. हो, गर्भाच्या पेशी काढून जनुकीय तपासणी करायची असेल तर कवच उघडावंच लागतं, ते वेगळं. एखाद्या विशिष्ट केसमध्ये डॉक्टरांना काही कारण दिसत असेल तर तेही समजू शकतं, पण मग ते कारण त्या बाईला सांगा ना! सरसकट सगळ्यांच्या बिलात ती ओळ कशी काय येते?

आणि जुळ्यांचं म्हणाल तर आपल्याकडे लोकांना वाटतं एका झटक्यात दोन झाली, बरंच झालं. सातव्या आठव्या महिन्यात डिलिव्हरी होऊन दीड दीड किलोची दोन लेकरं एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात ठेवलेली, बाप तालुक्याहून रोज एसटीने ये जा करतोय आणि रोजच्या बिलासाठी सोनं गहाण टाकतोय, हे ज्यांनी पाहिलंय ते असं म्हणणार नाहीत.

हॅचिंग एकटंच नाही, अशा जोडीला बऱ्याच गोष्टी असतात. गर्भाशयाचं अस्तर खरवडायचं, स्क्रॅचिंग म्हणतात. त्यावर २०१९ मध्ये एक मोठी चाचणी छापून आली, १,३६४ बायका होत्या, निम्म्यांचं स्क्रॅचिंग केलं, निम्म्यांचं नाही, आणि दोन्हीकडे बाळ जन्माला येण्याचं प्रमाण अगदी सारखं, २६.१ टक्के. म्हणजे दुखणं तेवढं जास्तीचं. गर्भ चिकटायला ग्लू म्हणून एक द्रव वापरतात, त्यात हायल्युरोनन असतं, त्याच्या बाजूने मात्र बऱ्यापैकी पुरावा आहे. म्हणजे सगळंच खोटं असं मी म्हणत नाहीये, कशाला किती पुरावा आहे ते पैसे भरण्याआधी कळलं पाहिजे एवढंच म्हणणं आहे. कापसाचे आलेले पैसे ट्रीटमेंटच्या एका सायकलमध्ये, म्हणजे एका फेरीत जातात हो आमच्याकडच्या लोकांचे, आणि ती सायकल फेल गेली की तोच माणूस पुढच्या हंगामाच्या भरवशावर कर्ज काढतो.

फेल गेल्यावर घरात काय चालतं ते तर आणखी वाईट. बीटा रिपोर्ट, म्हणजे दिवस राहिले का ते बघायची रक्ततपासणी, निगेटिव्ह आला की सासू सगळ्या गल्लीत सांगते, "तिना पोटमा टिकसच नही." अहो, गर्भ न रुजण्याचं सगळ्यात मोठं कारण गर्भाच्या गुणसूत्रांतला बिघाड असतं, तो गर्भ कुठल्याही बाईच्या पोटात टिकला नसता. वय वाढतं तसा हा बिघाड वाढतो, त्यात तिने काय खाल्लं, कुठे वाकली, कोणाच्या लग्नाला गेली याचा काही संबंध नाही. आणि दोष नवऱ्याच्या शुक्राणूंतही असतो, कितीतरी जोडप्यांत असतो, पण तपासणीला पहिली बाईच पाठवतात, नवऱ्याची साधी सिमेन टेस्ट दोन दोन वर्षं होत नाही. कमरेत रोज तेलातलं प्रोजेस्टेरॉनचं इंजेक्शन घेऊन गाठी येतात, बसवत नाही धड, तरी गप्प बसून सगळं करणाऱ्या सुना मी बघते, त्यांना वरून हे ऐकावं लागतं याचा मला फार राग येतो.

ट्रान्सफर झाल्यावर, म्हणजे लॅबमधला गर्भ गर्भाशयात सोडल्यावर, पंधरा दिवस पलंगावरून उठू द्यायचं नाही, हा अजून एक प्रकार. गर्भ खाली पडेल म्हणे! गर्भाशयाच्या दोन्ही भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात, चालल्याने, शिंकल्याने, संडासला गेल्याने गर्भ पडत नाही. ट्रान्सफरनंतर आडवं पडून राहिल्याने फायदा होत नाही हे चाचण्यांत दिसलंय, अमेरिकेतल्या वंध्यत्व तज्ज्ञांच्या संघटनेनेही बेड रेस्ट देऊ नका असंच सांगितलंय. जड ओझं उचलू नका, शेतात वाकून कामं नका करू, तेवढं ठीक, बाकी घरात फिरू द्या तिला, चार माणसांत बसू द्या.

आता मुद्द्याचं. आपल्या देशात यासाठी कायदा आहे, २०२१ चा एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायदा, जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यात क्लिनिकची नोंदणी सक्तीची आहे, आणि यशाची शक्यता किती, फायदे तोटे काय, खर्च किती, दुष्परिणाम काय, जुळी तिळी होण्याचा धोका किती, हे सगळं जोडप्याला समजावून सांगणं हे क्लिनिकचं काम आहे असं स्पष्ट लिहिलंय. तक्रार निवारण कक्षही प्रत्येक क्लिनिकमध्ये असायला पाहिजे. इंग्रजी फॉर्मवर घाईघाईत घेतलेली सही म्हणजे समजावणं नव्हे. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना आणि या क्लिनिकवाल्यांना माझी विनंती आहे की मूळ पॅकेज किती आणि त्यावर काय काय वेगळं लागतं याचा मराठीत छापील कागद पहिल्याच व्हिजिटला द्या, आणि हॅचिंगसारख्या प्रत्येक गोष्टीपुढे ती का करायची आणि पुरावा किती आहे ते दोन ओळींत लिहा. ज्या शिबिरांची पॅम्प्लेटं वाटली जातात त्यांच्यावर क्लिनिकचा नोंदणी क्रमांक असावा. आणि जळगाव, धुळ्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात आठवड्यातून एक दिवस तरी अशा जोडप्यांसाठी सल्ल्याची ओपीडी ठेवा, जिथे विकायला काही नसलेला डॉक्टर त्यांची फाइल बघून अहिराणीत बोलेल.

साहेब, तुम्हीही आरोग्याच्या पानावर एकदा या विषयावर सरकारी डॉक्टरांकडून लिहून घ्या, शक्यतो दिवाळीच्या आधी, कारण कापसाचा पैसा हातात आला की आमच्याकडे जोडपी ट्रीटमेंटला निघतात.

आपली विश्वासू,
एक औषध विक्रेती, पारोळा, जि. जळगाव