दाबून का बघतात

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, परवा पायाच्या सोनोग्राफीनंतर तुम्ही विचारलंत, "पडद्यावर सगळं काळंच होतं, मग त्या मुलीनं जांघेपासून गुडघ्याच्या मागेपर्यंत पाय एवढा दाबला कशाला?" फोनवर मला धड सांगता आलं नाही.

सोनोग्राफीत शिरेतलं रक्त काळं दिसतं. घोळ असा, की नुकती धरलेली गुठळीही बरेचदा काळीच दिसते. म्हणून दाबून बघायचं. मोकळी शीर प्रोबखाली, म्हणजे पायावर फिरवतात त्या यंत्राच्या मुठीखाली, मिटते, गुठळी असली की मिटत नाही. तुमची प्रत्येक ठिकाणी मिटली. रिपोर्टात तेच लिहिलंय, तेव्हा तो रोज काढून वाचू नका.

आई, मी दिवसभर ज्या रेषा बघत बसते ना, त्या याच काळ्या भागातल्या. चित्र तयार होताना प्रतिध्वनीतलं बरंच काही गळून जातं. आम्ही प्रयोगशाळेत नळीतल्या रक्ताचा त्याआधीचा कच्चा सिग्नल घेतो, त्याचीच ती रेषा. तांबडी पेशी जेमतेम 7-8 मायक्रोमीटरची आणि 10 मेगाहर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी साधारण 150. एकट्या पेशीचा आवाज कुठला ऐकू येणार? पण त्या एकमेकींना चिकटल्या की प्रतिध्वनी वाढतो. मग फायब्रिन या रक्तातल्याच प्रथिनाचे धागे त्यांना जखडतात. तोवर नळीतल्या रक्ताची रेषा सारखी थरथरत असते, दर वेळी वेगळी. रक्त साकळू लागलं की नवी रेषा आधीच्या रेषेवर हुबेहूब बसायला लागते. ते बघताना मी अजूनही खुर्चीतून पुढे सरकते.

फसतेही. पेशी नुसत्या तळाशी बसल्या तरी सिग्नल बदलतो. दोन आठवडे मी त्यालाच साकळणं समजून आलेख काढत होते! आता शेजारी सायट्रेट घातलेल्या रक्ताची नळी ठेवते. ते साकळतच नाही, त्यामुळे तिच्यातही तोच बदल दिसला तर तो गाळाचा.

हे सगळं अजून नळीतलं आहे बरं का. तुमच्या पायाला अजून तरी दाबूनच बघणार. पोटरीतल्या बारीक शिरांमधली गुठळी पहिल्या तपासणीत निसटू शकते आणि पुढे वर सरकू शकते, म्हणून आठवड्यानं पुन्हा बोलावलंय. "सूज उतरली" म्हणून टाळू नका. आई, तू सोबत जा. मध्येच सूज वाढली, छातीत दुखलं किंवा दम लागला, तर माझ्या फोनची वाट न बघता लगेच दवाखाना गाठा.

प्लास्टर निघालंय, तर थोडं थोडं चालत राहा. रविवारी फोन करते.

तुमची,
धाकटी